एकाच कारखान्यातल्या तबकड्या

आपल्या धर्मग्रामात एखाद्या घराण्याचा मागोवा घ्यायचा झाला, की माणूस प्रथम चर्चच्या कचेरीची पायरी चढतो. कपाटातून स्नानसंस्काराची जुनी वही निघते, पिवळ्या पडलेल्या पानांवरून बोट फिरते आणि पणजोबांच्या जन्माची तारीख, त्यांच्या धर्ममातापित्यांची नावे हाती लागतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी टॅड जोन्स या संशोधकाने हेच केले. तेथील 'सेक्रेड हार्ट ऑफ जीझस' चर्चच्या वहीत त्याला २५ ऑगस्ट १९०१ रोजी झालेल्या एका स्नानसंस्काराची नोंद सापडली. बाळाचा जन्म ४ ऑगस्टचा. नाव लुई आर्मस्ट्राँग. नावाशेजारी लॅटिनमध्ये दोन शब्द होते: 'निजेर' आणि 'इल्लेजितिमुस', म्हणजे काळा आणि अनौरस.

हा लुई पुढे जगद्विख्यात वादक झाला. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असे तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि १९७१ मध्ये त्याच समजुतीत वारला. चर्चच्या वहीने त्याची तारीख दुरुस्त केली ती त्याच्या मृत्यूनंतर. परंतु तारखेपेक्षा ते दोन शब्द मनात घर करून राहतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून ऑक्टोबर १९२९ च्या आर्थिक कोसळीपर्यंतच्या दशकाला 'जॅझचे युग' म्हणतात. हे नाव रूढ केले ते एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या लेखकाने, १९२२ च्या आपल्या कथासंग्रहाच्या शीर्षकातून. फिट्झजेराल्ड हाही जन्माने कॅथलिक. त्याच्या नावाशी जोडलेला मद्याचा पेला, आखूड झगे आणि रात्रभर चालणारी नृत्ये यांचे चित्र आपण चित्रपटांतून पुष्कळ पाहिले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या दशकात अमेरिकेने प्रत्येक नव्या वस्तूचे दार उघडून स्वागत केले, आणि तेवढ्याच जोराने नव्या माणसासमोर दार लावून घेतले. दारे लावणाऱ्यांत आणि दाराबाहेर राहिलेल्यांत, दोन्हीकडे आपले धर्मबांधव होते. म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही.

न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंच आणि स्पॅनिश वळणाचे, जुने कॅथलिक शहर. उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल तेथे आजही गाजतो. अंत्ययात्रेला बँड लावण्याची तेथील कृष्णवर्णीयांची रीत होती. दफनभूमीकडे जाताना संथ, शोकाकुल सूर, आणि परतताना नाचरे, उसळते संगीत. युरोपीय वाद्ये, आफ्रिकी लय, चर्चमधील गायन आणि कापसाच्या मळ्यांतील श्रमगीते यांच्या मिश्रणातून जे वाजू लागले, तेच जॅझ. लुईचे बालपण कमालीच्या दारिद्र्यात गेले. नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून १९१३ च्या आरंभी या अकरा वर्षांच्या मुलाला कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले. तेथील बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आले. ट्रंपेटचे हे धाकटे भावंड.

लुईचा गुरू जो ऑलिव्हर, लोकांच्या तोंडी 'किंग' ऑलिव्हर. तो आधीच शिकागोला जाऊन स्थिरावला होता. ऑगस्ट १९२२ मध्ये त्याने लुईला बोलावून घेतले आणि लुई आगगाडीने उत्तरेला निघाला. तो एकटा नव्हता. बोंडकिड्याने कापूस खाल्ला होता, दक्षिणेत जमावाकडून होणाऱ्या हत्यांचे भय होते आणि उत्तरेत महायुद्धाने कारखान्यांत जागा निर्माण केल्या होत्या. १९१० ते १९३० या काळात पंधरा लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून गेली. १९१० मध्ये शिकागोत त्यांची संख्या चव्वेचाळीस हजार होती. १९३० मध्ये ती दोन लाख चौतीस हजारांच्या घरात गेली. जॅझचा प्रसार म्हणजे या स्थलांतराचाच इतिहास होय. संगीत स्वतःच्या पायांनी चालत नाही, माणसांच्या गाठोड्यातून जाते.

आता आपण शिकागोहून शेजारच्या इंडियाना राज्यात जाऊ. तेथे रिचमंड नावाचे मध्यम आकाराचे गाव आहे. व्हाइटवॉटर नदीच्या घळीत 'स्टार पियानो कंपनी'चा कारखाना होता. ही कंपनी 'जेनेट' या नावाने ग्रामोफोनच्या तबकड्याही काढी. ध्वनिमुद्रणाची खोली रेल्वेरुळांना लागून होती. गाडी आली की वादन थांबवावे लागे. विजेचे ध्वनिग्राहक अजून आले नव्हते. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे आणि हवेच्या कंपनांनी मेणावर रेषा ओढायची. ५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी किंग ऑलिव्हरचा संच तेथे आला. लुईच्या कॉर्नेटचा आवाज एवढा बलवान होता की तो इतरांना झाकून टाकी, म्हणून त्याला बाकीच्यांपासून बरेच मागे उभे करावे लागले. लुई आर्मस्ट्राँगचे पहिले ध्वनिमुद्रण ते हेच. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच खोलीत न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल पियानोवादक जेली रोल मॉर्टन एका गोऱ्या संचाबरोबर वाजवून गेला. काळे आणि गोरे वादक एकत्र बसले, असे ते जॅझमधील अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक.

याच कारखान्यात आणखी काही तबकड्या निघत. त्यांच्यावर लाल कागद आणि सोनेरी अक्षरे असत. परिचित ख्रिस्ती भक्तिगीतांच्या चालींवर नवे शब्द बसवून त्या मुद्रित केल्या जात, आणि खाजगी मागणीवर, रोख पैसे घेऊन पुरविल्या जात. ते शब्द होते कू क्लक्स क्लान या संघटनेचे. एप्रिलमध्ये ज्या यंत्राने लुईचा सूर टिपला, त्याच यंत्राने क्लानचा द्वेषही टिपला. १९२३ च्याच शरद ऋतूत रिचमंडच्या रस्त्यांवरून पांढऱ्या झग्यांची भली मोठी मिरवणूक निघाली. कारखान्याच्या चालकांना ना जॅझचे प्रेम होते, ना क्लानचे. त्यांना गिऱ्हाईक हवे होते. मला वाटते, त्या दशकाचा सारा स्वभाव या एका गोष्टीत आहे.

क्लान म्हटले की आपल्याला दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा छळ आठवतो. ती जुनी संघटना यादवी युद्धानंतरची. १९१५ मध्ये जॉर्जिया राज्यात तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि या नव्या क्लानचा मोठा पसारा दक्षिणेइतकाच उत्तरेत आणि मध्य-पश्चिमेत होता. दहा डॉलर वर्गणी, त्यातला वाटा सभासद आणणाऱ्याला, असा तिचा रीतसर धंदा होता. ऐन भरात तिचे काही दशलक्ष सभासद होते. एकट्या इंडियानात ही संख्या अडीच लाखांच्या आसपास सांगतात. या राज्यात कृष्णवर्णीय थोडे होते आणि ज्यू त्याहून थोडे. तेथे क्लानचे मुख्य लक्ष्य होते कॅथलिक. आयरिश, पोलिश, इटालियन, जर्मन, असे हे स्थलांतरित पोपची आज्ञा मानतात, म्हणून ते अमेरिकेशी एकनिष्ठ राहूच शकत नाहीत, असा प्रचार गावोगाव होई. चर्चच्या तळघरात बंदुका साठविल्या आहेत, अशा वावड्या उठत. नॉर्थ मँचेस्टर या इंडियानातील गावाची एक कथा इतिहासकार सांगतात. पोप अमेरिका ताब्यात घ्यायला येत आहेत, कदाचित उद्याच्याच गाडीने, असे एका वक्त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मोठा जमाव लोटला. गाडीतून एकच अनोळखी उतारू खाली उतरला. आपण पोप नसून स्त्रियांच्या कॉर्सेटचे फिरते विक्रेते आहोत, हे पटविताना त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

हसू येते, पण अशा भयानेच १९२४ मध्ये इंडियानात क्लानच्या पाठिंब्याचा राज्यपाल निवडून आला. त्याच वर्षी १७ मे रोजी क्लानने साउथ बेंड शहरात मेळावा ठरविला. तेथेच नोत्र दाम हे होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंचे विद्यापीठ आहे. धर्मगुरूंनी विद्यार्थ्यांना आवारात राहण्यास बजावले होते. पोरांनी ऐकले नाही. स्टेशनवर उतरणाऱ्या क्लानवाल्यांचे झगे त्यांनी हिसकावले. क्लानच्या कचेरीच्या खिडकीत लाल दिव्यांचा क्रूस लावला होता. विद्यार्थ्यांनी जवळच्या दुकानातील बटाटे आणून नेम धरून ते दिवे फोडल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. दोन दिवसांनी पुन्हा चकमक उडाली, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः गावात आले आणि विद्यार्थ्यांना समजावून परत घेऊन गेले. मुलांच्या त्या धसमुसळेपणाचे समर्थन करता येत नाही. तरी तो प्रसंग वाचताना आपला जीव कोणाच्या बाजूने असतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

ही दहशत सोबतच्या समृद्धीतून वेगळी काढता येत नाही. १९२० च्या जनगणनेत प्रथमच अमेरिकेतील निम्म्याहून अधिक माणसे शहरांत राहत असल्याचे आढळले. १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरला मिळणारी फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९२४ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत आली. १९२० मध्ये सुमारे एकतृतीयांश घरांत वीज होती, ती १९३० मध्ये दोनतृतीयांश घरांत पोहोचली. नोव्हेंबर १९२० मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले, आणि दहा वर्षांत दर दहापैकी चार घरांत रेडिओ आला. हे सारे रोखीने आले नाही. हप्त्याने खरेदी करण्याची पद्धत याच दशकात प्रतिष्ठित झाली. कर्ज काढणे हा पूर्वी कुटुंबाचा कमीपणा मानला जाई, आता हप्ता भरणे ही पत ठरली.

रॉबर्ट आणि हेलन लिंड या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९२४-२५ मध्ये इंडियानातीलच मन्सी या शहराचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२९ मध्ये 'मिडलटाउन' या नावाने तो प्रसिद्ध केला. त्यातला एक लहानसा आकडा मला विसरता येत नाही. पडक्या घरांत राहणाऱ्या, परंतु मोटार बाळगणाऱ्या सव्वीस कुटुंबांकडे त्यांनी चौकशी केली. त्यांपैकी एकवीस घरांत अंघोळीचे टब नव्हते. रविवारी सकाळी कुटुंब चर्चला जाईल की मोटारीतून फिरायला, हा प्रश्न मन्सीच्या धर्मोपदेशकांना पडू लागला होता. मुले-मुली संध्याकाळी मोटार घेऊन बाहेर पडत आणि आईबापांच्या नजरेआड होत. घराचा उंबरठा, गावाची चौकट आणि रविवारचा नेम हे सारे एकाच वेळी सैल होत होते. ज्यांना ते सहन होत नव्हते, त्यांना दोष द्यायला कोणीतरी हवे होते. मोटारीला दोष देणे अवघड होते, कारण तिचे हप्ते अजून चालू होते. परका मात्र हाताशी होता.

शेतकरी या समृद्धीच्या बाहेरच राहिला. युद्ध संपताच गव्हाचा भाव दोनच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला आणि दशकभर त्याने डोके वर काढले नाही. १९३० मध्येही दहा शेतघरांपैकी नऊ घरांत रात्री रॉकेलचाच दिवा जळे. जॅझच्या युगाचा झगमगाट हा शहरांचा झगमगाट होता.

स्त्रियांना ऑगस्ट १९२० मध्ये राज्यघटनेने मताचा हक्क दिला. कापलेले केस आणि आखूड झगा यांच्यावर त्या काळी व्यासपीठांवरून एवढी टीका झाली, की तोच जणू या दशकातील स्त्रीचा इतिहास, असे वाटावे. मी त्याऐवजी लिल हार्डिनचे नाव घेईन. उच्च शिक्षण घेतलेली ही कृष्णवर्णीय तरुणी ऑलिव्हरच्या संचात पियानो वाजवी. रिचमंडच्या त्या खोलीत तीही होती. १९२४ मध्ये तिने लुईशी विवाह केला, आणि गुरूच्या छायेत दुय्यम कॉर्नेट वाजवीत राहू नकोस, स्वतंत्र हो, असा आग्रह धरला. १९२५ पासून शिकागोत लुईने स्वतःच्या संचाच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांत पियानोवर लिलच होती. त्या तबकड्यांनी संगीताचे वळण बदलले. तोवर जॅझ म्हणजे सर्वांनी मिळून वाजविणे. लुईने एकट्या वादकाला पुढे आणून त्याला आपली कथा सांगण्याचे स्वातंत्र्य दिले.

दारूबंदीशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. घटनेची अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अंमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी रद्द झाली. तिच्यामागे दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची खरी कळकळ होती, हे विसरू नये. परंतु तिच्यात स्थलांतरितांविषयीची अढीही मिसळलेली होती. जर्मनांची बिअर, इटालियनांची वाइन आणि आयरिशांचे गुत्ते हे अमेरिकेबाहेरचे, आणि बहुतांशी कॅथलिक, व्यसन मानले गेले. मिस्सेच्या वाइनला कायद्याने सूट होती. तिच्याच आधाराने कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील 'बोल्यू' हा द्राक्षमळा तेरा वर्षे तगून राहिला. बाकी देश चोरून पीत राहिला. शिकागोत ही चोरटी दारू अल कपोनसारख्या टोळीनायकांच्या हाती गेली आणि त्यांच्याच रात्रगृहांत जॅझच्या वादकांना काम मिळाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील 'कॉटन क्लब'मध्ये रंगमंचावर कृष्णवर्णीय वादक असत. १९२७ च्या डिसेंबरपासून तेथे ड्यूक एलिंग्टनचा संच वाजू लागला. पण समोर बसून ऐकण्याची मुभा केवळ गोऱ्यांना होती.

क्लानचा द्वेष झग्यांपुरता राहिला असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. तो कायद्यात शिरला. ऑरेगॉन राज्यात १९२२ मध्ये जनमताने एक कायदा मंजूर झाला. आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, म्हणजे धर्मभगिनींच्या शाळांना टाळे लागावे, असा त्याचा सरळ अर्थ होता. येशू आणि मरियेच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनींनी न्यायालयात दाद मागितली. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द ठरविला. मूल ही शासनाची मालमत्ता नव्हे, त्याला कोणत्या शाळेत घालावे हे ठरविण्याचा अधिकार आईबापांचा आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

शाळा वाचल्या, पण बंदर मिटले. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा १८९० च्या जनगणनेतील त्यांच्या संख्येच्या दोन टक्के ठरविला. १८९० च का? कारण इटालियन, पोलिश आणि ज्यू लोकांचा मोठा लोंढा त्यानंतरचा. इटलीचा वर्षाचा वाटा बेचाळीस हजारांवरून ३,८४५ वर आला. आशियाई लोकांना तर जवळजवळ संपूर्ण बंदी झाली. आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड या पंजाबी शीख गृहस्थाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तरीही सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी मनुष्य 'गोरा' ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. त्यानंतर अनेक हिंदी लोकांचे दिलेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. ज्या न्यायालयाने धर्मभगिनींना न्याय दिला, त्याच न्यायालयाने दोन वर्षे आधी आपल्या देशबांधवाला दाराबाहेर ठेवले होते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो, ते स्वतः न्यायी असतातच असे नाही. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरावर पोहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाला दगड मारून बुडविण्यात आले आणि दंगल पेटली. अडतीस माणसे मेली. त्यांपैकी तेवीस कृष्णवर्णीय होती. हल्ले करणाऱ्यांत आयरिश वस्त्यांमधील तरुणांच्या टोळ्या पुढे होत्या, आणि ती मुले कोणत्या शाळांत शिकलेली असावीत, हे सांगायला नको. १९१७ मध्येच आर्चबिशप मंडेलाइन यांनी सेंट मोनिका हे चर्च कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठी राखून ठेवले होते. हेतू सोयीचा सांगितला गेला. परिणाम मात्र असा झाला, की इतर धर्मग्रामांत त्यांना तुमचे चर्च तिकडे आहे, असे ऐकावे लागे. थॉमस वायट टर्नर या कृष्णवर्णीय कॅथलिक प्राध्यापकाने या भेदाविरुद्ध त्याच दशकात कॅथलिकांची संघटना उभारली आणि बिशपांना पत्रांमागून पत्रे लिहिली. न्यू ऑर्लिन्सच्या वहीतील ते दोन शब्द लिहिणारा हात धर्मगुरूचाच होता. पाणी ओतताना त्याने त्या बाळाला देवाचे लेकरू म्हटले असेल, आणि नोंद करताना वर्ण लिहिला.

त्याच शिकागोत जून १९२६ मध्ये अठ्ठाविसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. अमेरिकेत ती प्रथमच होत होती. आपल्या ज्येष्ठ वाचकांना १९६४ ची मुंबईतील अडतिसावी काँग्रेस आणि पोप सहावे पॉल यांचे दर्शन आठवत असेल. शिकागोचा थाट काही वेगळाच होता. न्यूयॉर्कहून कार्डिनल मंडळींना आणण्यासाठी लाल रंग दिलेली खास आगगाडी सोडण्यात आली. सोल्जर फील्ड या क्रीडागारात साठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांनी एकस्वराने मिस्सा गायिली. स्थलांतरितांची, गरिबांची, संशयाच्या छायेतील ख्रिस्तसभा आपण या देशाच्याच आहोत, असे शिकागोच्या उन्हात उभी राहून सांगत होती. त्याच शहरात, त्याच वर्षी, लुईच्या तबकड्या मुद्रित होत होत्या. दोन्ही ठिकाणी हजर असलेला कोणी श्रोता होता काय, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मग आली १९२८ ची निवडणूक. आल्फ्रेड स्मिथ हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील पोर. सेंट जेम्स धर्मग्रामाच्या शाळेत शिकला, वडील वारल्यावर शाळा सुटली आणि फुल्टनच्या मासळीबाजारात कामाला लागला. पुढे चार वेळा तो न्यूयॉर्क राज्याचा राज्यपाल झाला. १९२४ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लानचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव केवळ एका मताने फेटाळला गेला, आणि १०३ वेळा मतदान होऊनही स्मिथला उमेदवारी मिळाली नाही. ती १९२८ मध्ये मिळाली. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी प्रमुख पक्षाचा तो पहिला कॅथलिक उमेदवार.

आदल्या वर्षी एका वकिलाने 'अटलांटिक मंथली' मासिकात जाहीर पत्र लिहून त्याला विचारले होते, की पोपची आज्ञा आणि राज्यघटना यांत विरोध आला तर तुम्ही काय कराल? पोपच्या परिपत्रकांचे दाखले वाचून स्मिथला 'एन्सायक्लिकल' म्हणजे काय हेच विचारावे लागले, अशी आख्यायिका आहे. आपल्यासारख्या सामान्य भाविकाला त्यात नवल वाटणार नाही. युद्धातील ख्यातनाम चॅपलेन फादर फ्रान्सिस डफी यांच्या मदतीने त्याने उत्तर दिले. चर्च आणि राज्य यांच्या संपूर्ण विभक्ततेवर आपला विश्वास आहे, आणि आपल्या श्रद्धेने सार्वजनिक कर्तव्याला कधी बाधा आणलेली नाही, हे त्याचे सार. उत्तर सडेतोड होते. पण ज्यांना पटवून घ्यायचे नव्हते, त्यांनी न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याच्या उद्घाटनातील स्मिथचे छायाचित्र वाटले आणि हा बोगदा थेट व्हॅटिकनपर्यंत जातो असे सांगितले. त्याची गाडी ओक्लाहोमा राज्यात शिरली तेव्हा रुळांच्या कडेला क्रूस पेटविलेले होते. जो क्रूस स्मिथ पवित्र मानी, तोच त्याला भिववण्यासाठी जाळला जात होता.

स्मिथ हरला. हर्बर्ट हूवरला निर्वाचकांची ४४४ मते आणि त्याला ८७. या पराभवाचे सारे खापर धर्मद्वेषावर फोडणे मला रास्त वाटत नाही. सुबत्तेच्या वर्षी सत्ताधारी पक्षाला हरविणे कोणालाही जड गेले असते. स्मिथ दारूबंदीच्या विरोधात होता, आणि न्यूयॉर्कच्या बदनाम पक्षयंत्रणेतून वर आला होता. शिवाय रेडिओवर त्याचे गावठी न्यूयॉर्की उच्चार शेतकऱ्यांच्या कानांना खटकत. तथापि टेक्सास, व्हर्जिनिया, फ्लॉरिडा ही पिढ्यान्पिढ्या डेमोक्रॅटिक असलेली दक्षिणेतील राज्ये त्या एका निवडणुकीत फिरली, त्याचे कारण गव्हाच्या भावात शोधून सापडणार नाही. दुसरीकडे देशातील बारा मोठ्या शहरांच्या मतांची बेरीज केली तर स्मिथ पुढे होता. बंदर मिटण्यापूर्वी आत आलेल्यांची मुले आता मतदार झाली होती. त्यांच्याच बळावर पुढे १९३२ मध्ये रूझवेल्ट आणि १९६० मध्ये जॉन केनेडी निवडून आले.

दारिद्र्यावरील अंतिम विजय आता जवळ आला आहे, असे हूवरने उमेदवारी स्वीकारताना सांगितले होते. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला. शेअरही हप्त्यांच्याच वृत्तीने, थोडी रक्कम भरून आणि बाकी कर्जाने घेतलेले होते. १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला. क्लान त्याआधीच ओसरला होता. इंडियानातील त्याच्या पुढाऱ्याला १९२५ मध्ये एका तरुणीच्या अपहरण-अत्याचारातून झालेल्या मृत्यूबद्दल जन्मठेप झाली आणि शुचितेचा मुखवटा गळून पडला.

मंदीने तबकड्यांचा धंदा बुडविला. किंग ऑलिव्हरचे दात आणि हिरड्या गेल्या, संच फुटला. १९३७ मध्ये जॉर्जियातील सव्हाना शहरी लुई कार्यक्रमासाठी गेला असता त्याला आपला गुरू रस्त्यावर भाजी विकताना भेटला. लुईने आणि त्याच्या वादकांनी खिशातले पैसे त्याच्या हाती ठेवले. ऑलिव्हर बिलियर्डच्या एका अड्ड्यात झाडलोट करी. एप्रिल १९३८ मध्ये तो सव्हानातच वारला.

त्यांचे संगीत मात्र तोवर समुद्र ओलांडून आपल्या दाराशी आले होते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. ते सूर आत्मसात केले ते गोव्याच्या कॅथलिक मुलांनी. धर्मग्रामाच्या शाळेत मेस्त्रच्या छडीखाली स्वरलिपी शिकलेल्या या मुलांना कागदावरचे संगीत वाचता येत होते. त्यांच्यापैकी आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्र यांना त्याची साथ लाभली, आणि १९५१ च्या 'अलबेला'तील गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी जो ठेका धरला, त्यात मिसिसिपीच्या काठचा थोडासा सूर होताच.

रिचमंडचा तो कारखाना आज उरला आहे तो एका भिंतींच्या सांगाड्यापुरता. विटांवर कंपनीचे जुने चिन्ह अजून दिसते. बाजूच्या पायवाटेवर तेथे मुद्रण केलेल्या वादकांच्या रंगीत प्रतिमा जमिनीत बसविल्या आहेत. त्यांत ऑलिव्हर आहे, मॉर्टन आहे, लुई आहे.